श्वासनळीतील नळीची खातरजमा: छातीवरचा आवाज पुरेसा मानावा का?

प्रश्न:
मी भूलशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात आहे. छातीवर आवाज नीट ऐकू येतो, छाती हलते, नळीत बाष्पही धरते, पण कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर) आलेख उमटत नाही, अशा वेळी विश्वास कशावर ठेवावा? हृदय थांबलेल्या रुग्णात सपाट रेषा अपेक्षितच असते, असे एका वरिष्ठांनी सांगितले. ते योग्य आहे का?

प्रतिसाद १:
विश्वास आलेखावर ठेवावा. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे नळी अन्ननलिकेत असतानाही आढळू शकतात. जठरात शिरणाऱ्या हवेचा आवाज छातीवर ऐकू येतो आणि लहान मुलांत तर तो सहज फसवतो. पल्स ऑक्सिमीटरचाही आधार घेऊ नये, कारण आधी भरपूर ऑक्सिजन दिलेला असल्यास आकडा घसरेपर्यंत काही मिनिटे निघून जातात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आलेख उच्छ्वासात चढला पाहिजे, श्वास आत जाताना उतरला पाहिजे, त्याची उंची किमान 7 श्वास टिकली किंवा वाढली पाहिजे आणि शिखर पायारेषेच्या 7.5 मिमी पाऱ्याहून अधिक वर असले पाहिजे. एकदोन श्वासांपुरता दिसणारा कार्बन डायऑक्साइड पोटात साठलेलाही असू शकतो.

प्रतिसाद २:
वरिष्ठांचा आदर राखूनही ते मत धोकादायक आहे, असेच म्हणावे लागेल. छातीदाब चालू असताना थोडे रक्त फुप्फुसांतून वाहतेच, त्यामुळे आलेख ठेंगणा होतो, पण सहसा नाहीसा होत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने ‘नो ट्रेस, राँग प्लेस’ (आलेख नाही, तर जागा चुकली) ही मोहीम चालवली. कॅप्नोग्राफकडे हवा नेणारी नमुना-नळी निसटणे, नळी तुंबणे, श्वासनलिका तीव्र आकुंचन पावणे ही कारणे खरी असली, तरी ती शोधत बसण्याआधी नळी अन्ननलिकेत आहे असेच धरावे आणि ती काढून मास्कने श्वास द्यावा. काढणे अधिक घातक वाटल्यास व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहण्याचे कॅमेऱ्याचे उपकरण) किंवा ब्राँकोस्कोपने (श्वासमार्गात घालायच्या दुर्बिणीने) लगेच पाहावे.

प्रतिसाद ३:
एक पुरवणी. उत्तम आलेखही नळी किती खोल गेली हे सांगत नाही; ती उजव्या मुख्य श्वसनीत (उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या फाट्यात) उतरली असली तरी आलेख येतोच. स्टेथोस्कोपचे खरे काम इथे आहे. प्रौढांत दातांपाशी नळीवरची खूण साधारणपणे स्त्रियांत 21 आणि पुरुषांत 23 सेंमीवर असावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तातडीच्या कक्षात कॅप्नोग्राफ नसेल आणि फक्त कार्बन डायऑक्साइडने रंग बदलणारे उपकरण हाताशी असेल तर?

प्रतिसाद २:
ते वापरावे, पण जांभळ्याचा पिवळा आणि पुन्हा जांभळा हा फेर किमान सहा श्वास पाहावा. आम्लयुक्त जठररस लागल्यास रंग पिवळाच राहतो, आणि हृदय थांबलेले असताना नळी योग्य जागी असूनही रंग बदलेलच असे नाही. त्यामुळे तिथे लॅरिंगोस्कोपने पुन्हा पाहणे किंवा मानेवर अल्ट्रासाउंड लावणे टाळू नये.