संगणक जोडताना स्थिरविद्युतेपासून सुट्या भागांचे रक्षण कसे करावे?

खानापूरकर:
मुलीसाठी घरीच संगणक जोडणार आहे. जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो. त्यामुळे मदरबोर्ड व रॅम हाताळताना कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बेळगावकर:
आपली शंका रास्त आहे. बोटाला झटका जाणवतो तो साधारण 3,000 व्होल्टच्या पुढे, पण काही चिपना 100 व्होल्टही बाधतात. म्हणजे आपल्याला काहीही न जाणवता भाग निकामी होऊ शकतो. अंगावरील स्थिरविद्युत तारेवाटे सोडून देणारा मनगटपट्टा (अँटिस्टॅटिक रिस्ट स्ट्रॅप) बांधून त्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावावी. पट्ट्यातील 1 मेगाओहमचा रोध आपल्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी असतो, म्हणून नुसती तार गुंडाळून काम भागवू नये. स्वेटर अर्थातच आधी काढून ठेवावा.

निपाणीकर:
एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर सॉकेटला लावून त्याचा मागचा स्विच बंद ठेवल्यास कॅबिनेट अर्थिंगला जोडलेली राहते. पण आपल्याकडील जुन्या कौलारू घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अनेकदा तारच जोडलेली नसते, तेव्हा आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. आणखी एक, मदरबोर्ड ज्यात येतो त्या चकचकीत राखाडी पिशवीवर बोर्ड ठेवून तो चालू करू नये, कारण तिचा बाहेरचा थर वीजवाहक असू शकतो. बोर्डाचे पुठ्ठ्याचे खोके त्यासाठी पुरेसे आहे.

खानापूरकर:
आभारी आहे. अर्थिंग तपासल्यावरच खोके उघडतो.