गळ आणि गांडूळ

पांढरी टोपी
काल इथे 'खवचट कोल्हापुरी' यांनी लिहिलं की ख्रिस्ती लोकांची सेवा म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. औषध पुढे करायचं आणि धर्म गळ्यात मारायचा. खाली अंगठ्यांची रांग. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी आई मिरजेत नर्स होती. वॉन्लेससाहेबांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात, एकतीस वर्षं. पाठीला जखमा झालेले पेशंट, ज्यांच्या घरचेच नाकाला पदर लावून दारात थांबायचे, त्यांना ती कुशीवर वळवायची, पुसायची, पावडर लावायची. मी एकदा विचारलं, "किळस येत नाही?" म्हणाली, "येते की. मग हात धुते." यापलीकडे तिने मला कधी प्रवचन दिलं नाही. बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय तिला पाठ होता. भुकेल्याला, उघड्याला, आजाऱ्याला जे केलंत ते मलाच केलंत, असं त्यात प्रभू म्हणतो. किती जणांचा बाप्तिस्मा केलात, हा प्रश्न त्यात नाही. उघडून बघा.

खवचट कोल्हापुरी
ताई, तुमच्या आईंना नमस्कार. त्यांच्याबद्दल मी बोललोच नव्हतो. पण वॉर्डात प्रार्थना व्हायची की नाही? माझे आजोबा 1968 साली हर्नियासाठी अशाच एका दवाखान्यात होते (नाव सांगत नाही). टाके ओले, उठता येईना, आणि उशाशी एक गृहस्थ पेटीवर भजन म्हणतायत. आजोबा माळकरी. तिसऱ्या दिवशी त्यांनीही पडल्या पडल्या 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे केलेली प्रार्थना ही सक्तीच.

नेवासेकर
जय ख्रिस्त. तुमचं चालू द्या, माझं वेगळंच दुखणं. सेवा सेवा म्हणता, पण आमच्या मंडळीत दोन वर्षांच्या दानार्पणातून काय आलं? स्पीकर. दोन माणसं उभी केल्याएवढे उंच. विधवांच्या मदतीचा विषय काढला की कमिटी म्हणते, पुढच्या मीटिंगला. पुढची मीटिंग स्पीकरच्या कव्हरवर झाली.

वसईचा वाडवळ
नेवासेकर, प्रॉटेस्टंटांचं भांडण इथे कशाला? आमच्या धर्मग्रामात (म्हणजे चर्चच्या हद्दीत) कॅथलिकांच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं दोघंदोघं मिळून गरिबाच्या घरी जातात, बसतात, चहा पितात. पेटी नाही, स्पीकर नाही. बाकी खवचटराव, केडगावच्या पंडिता रमाबाईंनाही गांडूळच म्हणणार का?

खवचट कोल्हापुरी
बरं झालं नाव काढलंत! 1889 मध्ये विधवा-मुलींसाठी शारदा सदन काढताना शब्द काय दिला होता? धर्मात ढवळाढवळ नाही. 1893 मध्ये काय झालं? मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून बोभाटा झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टिळकांचं सोडा, ही तर सुधारक माणसं.

पांढरी टोपी
दार उघडं होतं, मुली आपणहून येत. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घ्यायचं का?

खवचट कोल्हापुरी
हो. दहा-बारा वर्षांच्या निराधार पोरी असतील तर हो.

वसईचा वाडवळ
आणि त्या पोरींना त्याआधी दार कोणी उघडलं होतं? केशवपन करून मागच्या पडवीत बसवणाऱ्यांनी? दार लावण्याची शिकवण तुमच्याकडून घ्यायची म्हणजे कमाल आहे.

खवचट कोल्हापुरी
'तुमच्याकडून' म्हणजे? माझी आजी भाऊबंदांशी भांडून शाळेत मास्तरीण झाली. जात काढू नका.

नेवासेकर
रमाबाईंचं एक सांगतो. त्यांचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडात वाँटेजला, तिथल्या सिस्टरांच्या मठात राहत होत्या तेव्हा. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या, शेकडो मुली घेऊन आल्या. भूक त्यांना बायबलमधून शिकावी लागली नाही.

खवचट कोल्हापुरी
म्हणजे माझंच म्हणणं! प्रेरणा भुकेची, श्रेय ख्रिस्ताला.

पांढरी टोपी
अहो, उपाशी राहिलेले लाखो होते. बहुतेकांनी पुढे स्वतःच्या कणगीला कुलूप लावलं. माझ्या आजोळी बहात्तरच्या दुष्काळानंतर पीठ कपाटात ठेवायचे, किल्ली आजीच्या कमरेला. भूक माणसाला घट्टही करते. बाईंना तिने सैल केलं, आणि त्याचं कारण बाई स्वतः ख्रिस्त सांगतात. तुम्ही त्यांच्या वतीने दुसरं कारण का देताय? त्या बाईने वाँटेजच्या सिस्टरांचंही मुकाट्याने ऐकलं नाही, शाकाहारसुद्धा सोडला नाही.

तरी एक मान्य करते. आईला मी वॉर्डातल्या पेटीबद्दल विचारलं होतं. म्हणाली, "ताप असलेल्याला ती नकोच वाटायची. मी मॅट्रनला सांगायचे, त्या ऐकायच्या नाहीत." तुमच्या आजोबांच्या वेळी ती तिथे असती तर पेटी बंद झाली असती असं म्हणत नाही. पडदा ओढला असता एवढं नक्की.

खवचट कोल्हापुरी
ठीक. गांडूळ मागे घेतो. गळ राहू द्या.

नेवासेकर
आणि स्पीकर?