पसायदानाचा तास: ५० पैकी ४८ कशाचे?

टाचणवही
काल निरीक्षणवही यांनी इथे एका आदर्श पाठाचं गुणदान मांडलं. इयत्ता सातवी, ३५ मिनिटांची तासिका, विषय पसायदान. गुण ५० पैकी ४८. कारणं त्यांचीच: नऊच्या नऊ ओव्या वर्गाला तोंडपाठ, एका सुरात, हात जोडून, फलकलेखन स्वच्छ, आणि एका मुलाने मध्येच प्रश्न काढला तेव्हा बाईंनी वेळ न दवडता पाठ पुढे नेला. त्या मुलाने विचारलं होतं, ‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हणजे वाईट माणसाला शिक्षाच करायची नाही का?

हे वाचल्यापासून मी धुमसतेय. अहो, त्या ३५ मिनिटांत शिक्षण म्हणावं असं एकच काही घडलं आणि ते त्या मुलाने केलं! ज्ञानेश्वर खळांचा नाश मागत नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावो म्हणतात आणि लगेच त्यांना सत्कर्माची गोडी लागो म्हणतात. नऊ ओव्यांतली सगळ्यात अवघड मागणी हीच. मधल्या सुट्टीत कुणाचे तरी धक्के खाणाऱ्या पोराला ती खटकणारच. बाईंनी खडू खाली ठेवून "तुला काय वाटतं?" एवढं विचारलं असतं तर पुरे होतं. मी वीस वर्षं बी.एड.चे सराव पाठ बघतेय. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘विद्यार्थी कृती’ हा रकाना असतो. त्यात ‘ऐकतात’, ‘म्हणतात’, ‘लिहून घेतात’ यापलीकडे क्वचितच काही सापडतं. ‘विचारतात’ असं लिहिलेलं टाचण मी हाताच्या बोटांवर मोजू शकते.

निरीक्षणवही
मूळ पोस्ट माझी, म्हणून सविस्तर लिहितो. वर्गात ६२ मुलं होती. त्यांच्यापुढे उभं राहिलात की कळतं, एक प्रश्न घेतला की दहा हात वर येतात आणि पाचव्या ओवीलाच तास संपतो.

आणि पाठांतराला इतकं हिणवू नका. वडिलांनी मला पसायदान सातव्या वर्षी पाठ करून घेतलं. अर्थ सांगितला नाही, मी विचारलाही नाही. ते गेले त्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. ‘किंबहुना सर्वसुखीं’ आपोआप ओठांवर आलं. पन्नास वर्षांनी कळलं. वर्गात ज्या चर्चा केल्या, त्यातलं एक अक्षर त्या रात्री सोबतीला नव्हतं.

जात्यावरची_ओवी
निरीक्षणवही, अगदी खरं. माझ्या आजीला सही येत नव्हती, अभंग मात्र शेकड्यांनी पाठ. अर्थ नंतर, आधी तोंडात बसू दे, असंच ती म्हणायची.

कलम_अठ्ठावीस
मूळ मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय. राज्यघटनेच्या २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचा अभ्यास वेगळा मानला आणि त्याला आडकाठी केली नाही. आता सांगा, हात जोडून एका सुरात म्हणणं यातलं काय? तीच रचना पुढ्यात ठेवून ‘हे का मागितलं असेल?’ असं विचारलंत तर तो अभ्यास. अभ्यास की उपासना, हे बाईंच्या पद्धतीवर ठरतं. म्हणून तो प्रश्न टाळणं ही साधी चूक नव्हे.

निरीक्षणवही
पसायदान कुठल्या एका धर्माचं नाही. ते विश्वासाठी मागितलेलं दान आहे.

कलम_अठ्ठावीस
मग ते मुलांना कळू द्या की! म्हणायला लावून कसं कळेल?

शेवटचा_बाक
एका सुरात म्हणे. तो एक सूर कसा तयार होतो ते माझ्याकडून ऐका. पाचवीत असताना आमच्याकडे पाठांतर स्पर्धा होती. घरी आम्ही ‘पानी’, ‘आनि’ असंच बोलायचो. पहिल्याच ओवीत ‘येणें वाग्यज्ञें’ आहे, मी ‘येने’ म्हणायचो. सरांनी सात वेळा म्हणून घेतलं. मुलं मोजत होती, म्हणून आकडा लक्षात आहे. मग म्हणाले, तू मागे जा, नुसते ओठ हलव. शाळेला ढाल मिळाली. माझे ओठ हलत होते.

संथा
वाईट झालं, पण शिक्षकाने उच्चार सुधारायचाच नाही का? मन आणि मण, तन आणि तण, यांत फरक नाही? पाठांतराची परंपरा टिकली ती एकेका अक्षराच्या काटेकोरपणामुळे.

शेवटचा_बाक
सुधारणं आणि गप्प करणं यातला फरक तुम्हाला खरंच दिसत नाही? मला ण शिकवायला कुणी पाच मिनिटं दिली नाहीत. जीभ कुठे वळवायची एवढं सांगायला हवं होतं. ते मी कॉलेजात मित्राकडून शिकलो. आणि ‘येने’ म्हटल्याने देव तोषणार नव्हता का? वाग्यज्ञ म्हणजे वाणीचा यज्ञ. माझी वाणीच बाहेर काढलीत.

संथा
मी काढली नाही. आवाज खाली ठेवा.

गावठाण
का ठेवावा? आमच्यातल्या निम्म्यांनी हेच भोगलंय. दिंडीत हरिपाठ चालतो तेव्हा कुणी मागे वळून तुमचा ण तपासतं का? मग शाळेतच तो का नडतो?

दुपारचा_वर्ग
संथा, परंपरेचंच बोलायचं तर ज्ञानेश्वरी १२९० ची. गीतेचे ७०० श्लोक संस्कृतात मुखोद्गत करणारे तेव्हाही होते, तरी ती मराठीत सांगावी लागली. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिने मराठीतून मागितली, त्यातून पुढे गीताई झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीता उलगडत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. सगळी धडपड कळावं म्हणूनच होती.

संथा
गीताई आज लोकांना पाठ आहे, हेही सांगा. बाकी, त्या सरांचं समर्थन मी करत नाही. तेवढं लिहून ठेवतो.

टाचणवही
ण-न वर वेगळं बोलूच, तो विषय लहान नाही. निरीक्षणवही, तुमची ती बाकड्यावरची रात्र मी नाकारत नाही. पाठ असलेलं असं सोबतीला येतं, मान्य. पण एक सांगा, त्या एका सुरात ६२ जण होते का?

निरीक्षणवही
निरीक्षक मागे बसतो. तिथून पाठी दिसतात, ओठ दिसत नाहीत.

दोन मुलं दाराशी उभी होती, पाहुण्यांना पाणी द्यायला. ती म्हणत नव्हती. त्यांनाच का ठेवलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ४८ चे ४० करतो. पाठांतराबद्दलचं मत बदलणार नाही आणि ६२ मुलांत चर्चा कशी घ्यायची, याचं उत्तर इथे अजून कुणी दिलेलं नाही.

टाचणवही
देते. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला एकच ओवी, दहा मिनिटं. प्रश्न कागदावर लिहून घ्यायचा, हात वर नाही. नऊच्या नऊ ओव्या एका तासात होणार नाहीत, तीन होतील. बाईंना जमत असेल तर त्या मुलाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू द्या. आणि त्या दोघांना आत बसवा.