घरच्या घरी व्यायाम: विश्वासाचं साहित्य कुठलं आणि सुरुवात कशी करायची?

नवशिकी_डोंबिवली
माझं वय ४४, आईचं ६८. वन बीएचके, एक चटई अंथरली की हॉल संपला. उपकरणं घ्यायची नाहीत. यूट्यूबवर 'सात दिवसांत पोट सपाट' छापाचेच व्हिडिओ वर येतात. फुकट, पण जाणकारांनी केलेलं असं काय आहे? आईला मधुमेह आहे (गोळ्या चालू) आणि गुडघे कुरकुरतात. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्यामुळे उड्या नकोत.

जोरबैठक
आधी माप हाताशी ठेवा, म्हणजे कुठल्या व्हिडिओत काय कमी आहे ते लगेच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं माप: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम (बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतका दम), शिवाय निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. ६५ नंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा.

आयुष मंत्रालयाची 'कॉमन योगा प्रोटोकॉल' पुस्तिका फुकट उतरवून घेता येते. मान-खांदे-कंबर-गुडघे मोकळे करण्यापासून प्राणायाम-ध्यानापर्यंत ४५ मिनिटांचा क्रम आहे आणि कोणी काय टाळावं तेही दिलंय. त्याच मंत्रालयाचा 'वाय-ब्रेक' हा खुर्चीजवळ करायचा पाच मिनिटांचा प्रकार. 'फिट इंडिया' या केंद्र सरकारच्या मोहिमेने ५ ते १८, १८ ते ६५ आणि ६५ च्या पुढे अशा तीन वयोगटांसाठी चाचण्या आणि व्यायाम वेगळे दिलेत. आईसाठी तिसरा गट बघा. इंग्रजी चालत असेल तर ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर बसून करायचे, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम चित्रांसह आहेत.

पण एक उणीव राहते. योगासनं, सूर्यनमस्कार, जोर, बैठका या सगळ्यांत ढकलणं आणि वाकणं भरपूर, *ओढणं* जवळजवळ नाही. पाठीचा वरचा भाग त्यामुळे कच्चा राहतो. ते घरात असं भरून काढा:

सॅकमध्ये एक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या (म्हणजे चार किलो). डावा हात ओट्यावर टेकवा, कमरेतून वाका, पाठ सपाट. उजव्या हाताने सॅक खांद्याकडे नाही, *कमरेकडे* ओढा, एक क्षण थांबा, सावकाश सोडा. दर बाजूला १०. बारा सहज जमले की एक बाटली वाढवा. खांदा कानाशी चढत असेल तर वजन जास्त आहे.

जोर थेट जमिनीवर नकोत. आधी भिंत, मग ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. १२ चे तीन फेरे कंबर न लोंबता झाले की पुढची पायरी. कोपर खांद्याच्या रेषेत बाहेर फाकले की खांदा दुखतो. ते अंगापासून ४५ अंशांवर ठेवा. ओट्यापाशी फरशी कोरडी हवी, पायमोजे काढून.

जोडीला खुर्चीवरून उठबस १० आणि सेतुबंधासनासारखं (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून) कंबर उचलणं १०. सगळ्याचे दोन फेरे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, २०-२५ मिनिटं. पहिले दोन आठवडे 'अजून तीन जमले असते' अशा ठिकाणी थांबा. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका काढल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की व्यायाम तिथेच सुटतो.

फिजिओ_ठाणे
आईंची सुरुवात चाचणीने करा. ४३ सेंटिमीटरच्या आसपास उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा (चाकांची अजिबात नको). हात छातीवर फुली करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईसाठी ११ पेक्षा कमी म्हणजे पडण्याचा धोका जास्त. दर महिन्याला पुन्हा मोजा.

उठता येत नसेल तर बैठकीवर सतरंजीची जाड घडी ठेवून उंची वाढवा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पाऊल गुडघ्याच्या किंचित मागे, पुढे झुकून उठायचं आणि तीन मोजत बसायचं. धपकन बसण्यात अर्धा व्यायाम वाया जातो. उठताना श्वास सोडायचा. रोखला की रक्तदाब चढतो.

तोलासाठी ओट्याला बोटं टेकवून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद. जमलं की एकच बोट टेकवायचं.

नवशिकी_डोंबिवली
गुडघे कुरकुरले तरी उठबस चालेल का? आणि साखरेचं काय?

फिजिओ_ठाणे
नुसता आवाज असेल तर चालेल. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा व्यायामाने वाढलेली दुखणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच असेल तर प्रमाण कमी करा आणि दाखवून घ्या. जिने चढणं चांगलं, पण उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. लिफ्ट असेल तर उतरताना वापरा.

साखरेचं गोळीवर अवलंबून आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जाऊ शकते. तसं असेल तर आधी मोजा, ९० च्या खाली असल्यास काही खाऊन मग सुरू करा. घाम, थरथर, गरगरणं दिसलं तर लगेच थांबून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी व्यायाम नको. जखम कळत नाही. छातीत दाब आला, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर थेट डॉक्टर.

वरणभात
खाण्याबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शिका फुकट आहे. जाडजूड आहे, पण दिवसाच्या ताटाचा तक्ता तेवढा छापून फ्रिजवर लावा. भाज्या-फळं मिळून रोज ५०० ग्रॅम, हे आपल्या पोळी-भाताच्या ताटात सर्वांत अवघड जातं.

मिठाचं माप माणशी दिवसाला ५ ग्रॅम. चार माणसांच्या घरात एक किलोची पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे, तीही लोणचं, पापड, फरसाण वेगळं न धरता. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. तेलाच्या डब्यालाही तेच करा: पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, ते चौघांत महिन्यात संपलं तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅमच्या आसपास होतं. दीड महिना पुरवलं तर २५.