स्वस्त लॅपटॉपमध्ये काढता येणारी एसएसडी सरसकट मिळू लागेल का?

यंत्रवेडा (धागाकर्ता):
कमी किमतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये साठवणुकीची ईएमएमसी चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती बिघडली की सहसा मदरबोर्डच बदलावा लागतो आणि तो खर्च ऐकून माणूस नवा लॅपटॉप घेणे पसंत करतो. याउलट एम.२ या प्रमाणित खाचेत बसणारी एसएसडी, म्हणजे साठवणुकीचे वेगळे कार्ड, एका स्क्रूवर धरलेली असते. तो काढला की कार्ड आपसूक तिरके वर येते आणि हलकेच ओढून बाहेर घेता येते. विंडोज ११ला किमान ६४ जीबी जागा लागते, आणि तेवढ्यात प्रणाली, तिचे अपडेट व आपले फोटो फार काळ सुखाने नांदत नाहीत. त्यामुळे येत्या काही वर्षांत ही सोय स्वस्त लॅपटॉपमध्येही सरसकट येईल, असे माझे मत आहे.

हिशेबी:
उपयोगी सोय आपोआप सरसकट होते, हे गृहीतकच मला मान्य नाही. १९९४ साली आलेल्या झिप ड्राइव्हची (फ्लॉपीसारखीच काढघाल करता येणारी) डिस्क १०० एमबीची होती, म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या जवळजवळ सत्तरपट; तरीही स्वस्त संगणकांत टिकली ती फ्लॉपीच, कारण तिचा ड्राइव्ह बसवायला खर्च नगण्य होता. आजचा उत्पादकही तोच हिशेब करतो. ईएमएमसीमध्ये मेमरी आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर एकाच चिपमध्ये असतात व ती बाकीच्या भागांबरोबर एकदमच बोर्डवर बसते, तर एसएसडीसाठी खाच, वेगळे कार्ड आणि जुळणीची आणखी एक पायरी लागते. यात भर म्हणजे, बिघडलेल्या लॅपटॉपमधून एसएसडी काढून माहिती वाचवू म्हणावे, तर बिटलॉकरने (विंडोजमधल्या माहिती सांकेतिक करणाऱ्या सोयीने) कुलूपबंद केलेली एसएसडी रिकव्हरी की, म्हणजे ती उघडण्याचा राखीव संकेतांक, नसताना दुसऱ्या यंत्रावर उघडतच नाही. मग स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्याने या सोयीसाठी जास्त पैसे का मोजावेत?

दुरुस्तीवाला:
माहितीचा मुद्दा मान्य, पण माझ्या टेबलावर येणारा ग्राहक बहुधा यंत्र पुन्हा चालू व्हावे एवढ्यासाठीच येतो. एसएसडी बदलली की काम भागते. चिप सोल्डर केलेली असेल, तर मी हात जोडतो.

यंत्रवेडा:
झिप एकाच कंपनीच्या मालकीची होती, एम.२ तशी नाही; कोणत्याही उत्पादकाची योग्य लांबीची आणि खाचेला चालणारी एसएसडी त्यात बसते. वेगाचीही तुलना करा: ईएमएमसी ५.१ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे, तर पीसीआयई ३.० या जोडणीच्या चार लेनवरच्या (समांतर मार्गांवरच्या) चांगल्या एसएसडी ३,५०० एमबीच्या आसपास जातात. शिवाय दोन्हींतली फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते, आणि मोकळी जागा जितकी कमी, तितकी कंट्रोलरला आतल्या आत माहितीची हलवाहलव जास्त करावी लागते; म्हणजे लहान साठवण लवकर भरते आणि लवकर झिजतेही. जो भाग झिजणार हे ठाऊक आहे, तोच कायमचा चिकटवून टाकणे मला तरी पटत नाही.

हिशेबी:
झिपबाबतचा फरक मान्य आहे, तरी निर्णय त्यावर ठरत नाही. एसएसडी स्वस्त लॅपटॉपमध्ये येतही आहे, पण ती काढता येते म्हणून नव्हे, तर मोठ्या क्षमतेला ती परवडते म्हणून. उद्या तेवढ्याच क्षमतेची यूएफएस (ईएमएमसीहून वेगवान अशी साठवणुकीची) चिप बोर्डवर सोल्डर करणे स्वस्त पडले, तर तुमच्या त्या स्क्रूसाठी कोणताही उत्पादक थांबणार नाही.