थ्रेडच्या 'जॉइन'ला मराठीत काय म्हणावं?

वेलांटी
पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या थ्रेडवरच्या एका प्रकरणाचं भाषांतर करतेय. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा प्रवाह; त्याला मी 'धागा' लिहिलंय. 'जॉइन'ला सरळ 'जोडणे' लिहिलं होतं. तपासणाऱ्या मैत्रिणीने समासात विचारलं, "दोन धागे जोडले की एकच लांब धागा होतो का?" तिचं काही चुकलं नाही. टी नावाच्या थ्रेडवर 'टी.जॉइन()' केलं, तर जोडलं काहीच जात नाही. हाक मारणारा थ्रेड तिथेच खोळंबतो आणि टी संपला की पुढे सरकतो. 'थांबणे' लिहावं, तर वाटतं टीलाच थांबवलं. काय करू?

जुनीपाटी
आधी तो 'धागा' काढा. मला पोलिसांना सापडलेले धागेदोरे आठवतात. चांगला 'तंतू' आहे की! 'तंतोतंत'सुद्धा त्यातूनच आलाय, असं माझं ठाम मत आहे.

रफार
काका, तंतू नको. रुबी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत थ्रेडखेरीज 'फायबर' निराळं असतं. ते आपणहून जागा सोडतं आणि पुन्हा हाक मारली की सोडलं तिथून पुढे चालू. तंतू त्याच्यासाठी राखून ठेवा.

जुनीपाटी
मग थ्रेडला 'सूत'. जॉइन म्हणजे ओघानेच 'सूत जुळणे'!

रफार
सूत जुळलेले दोघंही नांदतात हो. इथे एक संपल्याशिवाय दुसरा हलत नाही.

अर्धविराम
जॉइन एकटा शब्द नाही, तो 'फोर्क'चा जोडीदार. मेल्विन कॉनवेच्या १९६३ च्या निबंधात ही जोडी आहे. प्रवाहाला फाटा फुटतो आणि पुढे तो येऊन मिळतो. म्हणून 'मिळणे'. टी येऊन मिळेपर्यंत आपला खोळंबा.

वेलांटी
आवडलं होतं, पण मुदत दिली की फसतं. 'टी.जॉइन(५)' फार तर ५ सेकंद वाट बघतो आणि परत येतो, टी संपलेला असो वा नसो. उत्तर दोन्ही वेळा 'नन'च, म्हणजे काहीच नाही. टी अजून चालू आहे का, ते 'इज_अलाइव्ह'ला वेगळं विचारावं लागतं. न मिळालेल्याला 'मिळाला' कसं म्हणू?

रात्रपाळी
प्रकरणाचं नाव 'थ्रेडचं जीवनचक्र' आहे का? चक्र कसलं? एकदा स्टार्ट केलेला थ्रेड पुन्हा स्टार्ट करून बघा, रनटाइमएरर. पुनर्जन्म नाही. 'जीवनक्रम' लिहा.

जुनीपाटी
फुलपाखराचं जीवनचक्र म्हणतोच की. तेच फुलपाखरू थोडंच परत अळी होतं?

रात्रपाळी
ते अंडी तरी घालतं. संपलेला थ्रेड काय घालतो?

अर्धविराम
आणि 'डीमन'चं, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या थ्रेडचं, काय केलंत? कुठेतरी 'राक्षस' वाचलंय. हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या रेणू निवडत बसणाऱ्या काल्पनिक डीमनवरून आला. पडद्याआड न थकता राबणारा, दुष्ट नव्हे.

रात्रपाळी
न थकता राबतो, पण मरतोही मुकाट. मी एकदा लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, लिहिणारा थ्रेड डीमन केला होता. बाकीचं काम संपलं, प्रोग्रॅम मिटला आणि हा जागच्या जागी गेला. फाइलची शेवटची ओळ 'नोंद पूर्ण झा' इथे तुटलेली. अर्धा दिवस मी तो 'ली' शोधत होतो. मालकाबरोबर असा निमूट जाणारा राक्षस कोणी पाहिलाय?

जुनीपाटी
'सेवक' म्हणा.

रफार
सेवक हातातलं काम पुरं करून जातो. 'गण' कसा वाटतो?

जुनीपाटी
गण गटाने असतात. व्याकरणातही आणि छंदातही.

वेलांटी
अहो, जॉइन! प्रकरण उद्या द्यायचंय. तूर्त 'जॉइन' तसाच ठेवून पहिल्या वेळी पुढे 'धागा संपेपर्यंत खोळंबणे' असं लिहितेय.

जुनीपाटी
खोळंबणे उत्तम. पण तो 'धागा' अजून तिथेच आहे.