अमेरिकन बातम्यांतला रॅप आणि वर्णभेद: पक्षपात पुराव्यानिशी कसा दाखवायचा?

शाईथेंब: अमेरिकन वर्तमानपत्रं आणि वाहिन्या हिपहॉपच्या आडून कृष्णवर्णीयांचं चित्र कसं रंगवतात, यावर प्रकल्प करतेय. 'रॅप म्हणजे गुन्हेगारी असंच दाखवतात' हे सगळेच म्हणतात. पण ते सिद्ध कसं करायचं? किती बातम्या घ्यायच्या, काय नोंदवायचं?

कोरा_कागद: सगळ्यात मोठी चूक शोधतानाच होते. 'रॅपर अटक' असं शोधलंत तर अटकेच्याच बातम्या येणार, मग निष्कर्ष काढण्यात अर्थ काय? आधी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीतून एकाच वर्षातले १० रॅपर आणि १० रॉक किंवा कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाचं संगीत) गायक निवडा. नंतरच त्यांच्या नावाने शोधा आणि प्रत्येकाच्या सलग ८ बातम्या घ्या, म्हणजे १६० होतील. प्रत्येकीत चार गोष्टी टिपा: मथळ्यात त्या माणसासाठी वापरलेलं नाम, फोटो मंचावरचा की पोलिसांनी काढलेला, पहिलं अवतरण कोणाचं, आणि गाण्याच्या ओळी कला म्हणून दिल्यात की कबुलीजबाब म्हणून. शेवटची नोंद सर्वांत बोलकी असते.

एकटीने नोंदी करू नका. २० बातम्या दोघांनी वेगवेगळ्या तपासा. जिथे जुळत नाही तिथे व्याख्या ढिली आहे, ती घट्ट करून मगच पुढे जा.

उलटा_ठेका: शिक्का कसा बसतो हे पाहायचं तर १९९२चं 'कॉप किलर' हे पोलिसाला मारण्याविषयीचं गाणं घ्या. आइस-टी रॅपर खरा, पण हे गाणं त्याच्या बॉडी काउंट या मेटल (कर्कश रॉक) बँडचं. तरी वाद पेटला तेव्हा गाण्याला सर्रास 'रॅप' म्हटलं गेलं. फक्त यात वर्णाचा वाटा किती आणि त्याच्या आधीच्या ओळखीचा किती, हे एका उदाहरणावरून वेगळं करता येत नाही. प्रकल्पात तसं स्पष्ट लिहा.

वेगळं करायला प्रयोग लागतो. कॅरी फ्राइड या संशोधिकेने १९९६ साली तो प्रसिद्ध केला. किंग्स्टन ट्रिओ या गायकगटाच्या एका जुन्या लोकगीताचे शब्द लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे रॅप, काहींना कंट्री. शब्द तेच, पण 'रॅप' समजून वाचणाऱ्यांना ते जास्त आक्षेपार्ह आणि धोकादायक वाटले! असा छोटा प्रयोग तुम्हालाही जमेल. दोन कागद, मजकूर एकच, फक्त प्रकाराचं नाव वेगळं. कोणाला कोणता कागद जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येक गटात निदान ४० जण हवेत. एकाच माणसाला दोन्ही दाखवलेत तर त्याला हेतू कळतो आणि सगळं वाया जातं. गाणं ओळखीचं होतं का, हे शेवटी विचारा आणि ज्यांना होतं त्यांचे कागद बाजूला काढा.

शाईथेंब: चिठ्ठ्यांचं पटलं. पण जे दाखवलंच नाही, ते कसं मोजायचं?

कोरा_कागद: त्यासाठी तारखा लावा, म्हणजे माध्यमांनी रॅपची दखल किती उशिरा घेतली ते दिसेल. हिपहॉपची सुरुवात मानली जाणारी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली डीजे कूल हर्कची पार्टी ऑगस्ट १९७३ची. एमटीव्ही ही संगीतवाहिनी १९८१ला सुरू झाली, पण खास रॅपचा कार्यक्रम 'यो! एमटीव्ही रॅप्स' तिथे यायला १९८८ उजाडलं. १९८९ला ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांत रॅपला पहिल्यांदा पुरस्कार मिळाला आणि तो टीव्हीवर दाखवलाच नाही. म्हणून काही कलाकारांनी बहिष्कार टाकला. विक्रीचे आकडेही बघा. १९९१पर्यंत बिलबोर्डची अल्बमयादी दुकानदारांच्या सांगण्यावर बने, त्या वर्षी मेपासून बारकोडने नोंदलेल्या प्रत्यक्ष विक्रीवर आली. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट पहिल्या क्रमांकावर! म्हणजे आधीच्या यादीत रॅपची विक्री कमी दिसत असावी.

आणि हो, संकेतस्थळांवरचे मथळे नंतर बदलतात. बातमी मिळाल्या दिवशीच तारखेसह जतन करा.